पायगुण

१४ मार्च

ताई,

हे पत्र लिहायचं मी बरेच दिवस टाळतोय. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तेव्हा कागद नव्हता. काल दोन्ही होतं, तर समोर एकजण शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता. शेवटचं अक्षर आधी काढून तो पहिल्याकडे येत होता. असं का, म्हणून खालून विचारलं, तर म्हणाला, डावखुरा आहे, सरळ लिहीत गेलो तर ओलं अक्षर मनगटाने पुसतं. कुठे चुकतो का ते बघायला मी पाटी पुरी होईपर्यंत थांबलो. नाही चुकला. तोवर अंधार पडला.

हे पत्र तसंच लिहितो. शेवटचं आधी. फोन तू कट करतेस. पत्र कट करता येत नाही, फाडावं लागतं, आणि फाडण्याआधी माणूस अर्धं तरी वाचतोच. म्हणून विचारायचं ते पहिल्या अर्ध्यात.

मी खरंच पायाळू आहे का? म्हणजे जन्मताना माझे पाय आधी आले की डोकं? आई नाही, आप्पा नाहीत, सुईण कोण होती मला माहीत नाही. तू तेव्हा सात-आठ वर्षांची होतीस आणि दाराबाहेर बसली होतीस, हे तूच एकदा बोलली होतीस. आठवून लिही. चेष्टा नाही. यात एका माणसाचा जीव आहे आणि थोडा माझाही.

आता सुरुवात. मी सध्या एका गादीकामाच्या दुकानात आहे. त्याआधीचं राहू दे. मधे एक वर्ष आइस्क्रीमच्या कारखान्यात होतो, तिथे भर उन्हाळ्यात माणसं स्वेटर घेऊन कामाला येतात. पण ते नंतर.

दुकान म्हणजे एक लांबट खोली, पुढे शटर, मागे पत्रा. मधे लाकडी घोडीवर कुणाचा तरी सोफा पाय वर करून पडलेला असतो. घरचे सोफे, बसच्या सीटा, दवाखान्यांतली बाकं, सगळं इथे येतं. जुनं कापड मी फाडतो, काथ्या झटकतो, गंजलेल्या स्प्रिंगा काढतो. फाडायचं काम माझ्या स्वभावाला जमतं. सोफ्याच्या पोटात काय काय सापडतं म्हणून सांगू: कंगवे, पेनांची टोपणं, लहान मुलांचे मोजे, सगळे एकेकटे. एका दंतवैद्याच्या बाकात दात सापडला.

शिवतात आणि ठोकतात ते काका. दुकान त्यांचंच. साठीला आलेत. मूठभर काळे खिळे तोंडात टाकतात, जिभेने एकेक ओठांवर आणतात, चुंबकाची हातोडी ओठाला लावून तो उचलतात आणि ठोकतात. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते बोलत नाहीत, भुवयांनी काम सांगतात. एक भुवई वर म्हणजे कात्री दे, दोन्ही वर म्हणजे गाढवा. माझ्या पायाला भिंगरी आहे म्हणून मला नुसतं भिंगरीच म्हणतात.

तर काकांना कमरेच्या वर डाव्या अंगाला दुखायला लागलं. या धंद्यात ज्याची पाठ धरली नाही तो कारागीरच नाही. ते म्हणाले, उसण भरलीय. त्यांची बायको, म्हणजे काकू, म्हणाल्या, दिवसभर वाकून बसल्यावर उसण भरेल नाहीतर काय लग्नाचं बोलावणं येईल. मलम झालं, गरम पाण्याची पिशवी झाली. दुकानात मोरी नाही, रस्ता ओलांडून पेट्रोल पंपावर जावं लागतं, म्हणून काका दिवसभर पाणीच पीत नाहीत. पण त्या दिवसांत ते सारखे पंपावर जायला लागले, आणि परत येताना तोंड आंबट. मला वाटलं पंपावरच्या माणसाशी वाजलं असेल.

मग एका सकाळी त्यांच्या तोंडातले खिळे वाजायला लागले. थंडी भरली होती, दात खिळ्यांवर आपटत होते. मी फोमचा मोठा तुकडा त्यांच्या अंगावर टाकला. अंग चटका लागण्याइतकं तापलेलं. म्हटलं, काका, दवाखान्यात जाऊ. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. आणि तिथे मी तोंड उघडलं. म्हटलं, मी पायाळू आहे.

काकांनी सगळे खिळे तळहातावर काढले. जेवणाआधी त्यांना बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. म्हणाले, "मग इतके महिने काय झोपला होतास?"

ते रेक्झिनच्या तुकड्यावर पालथे झोपले. मी उजवा पाय धुतला आणि अंगठा पाठीला तीनदा लावला, आप्पा शिकवायचे तसा. भार दिला नाही. काका थोडा वेळ पडून राहिले, उठून बसले, म्हणाले, उतरली. खिळे परत तोंडात. दवाखान्याचा विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी सोफ्याच्या पाठीवर गुडघा टेकून ते कापड ताणत होते. मधेच कापड सोडलं. काहीतरी तुटलं, म्हणाले. मला वाटलं स्प्रिंग. ते खाली बसले, मग आडवे झाले. तोंड चुन्यासारखं, अंगाला घाम. त्यांच्या तोंडातले खिळे मी बोटाने काढले, एकही आत राहू दिला नाही. तेवढं एक मी बरोबर केलं.

दवाखान्यात पोटाचा फोटो काढला. डावी किडनी फुटलीय, आत रक्त साचलंय, असं निघालं. डॉक्टर माझ्याच वयाचा होता. त्याने विचारलं, हे पडले का, गाडी धडकली का, कुणी मारलं का, किडनी अशी बसल्या जागी फुटत नाही. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, काल मी लाथ मारली. तीनदा.

आपल्या घरात त्याला लाथच म्हणतात ना ताई. आप्पा हाक मारायचे, छोट्या, मास्तरांना एक लाथ दे बघू, त्यांना शाळेत जायचंय. मला त्याला दुसरा शब्दच येत नाही. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मागे काकू उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मी पाहिलंय. डबा घेऊन आले तेव्हा हे जमिनीवर पालथे आणि याचा पाय यांच्या पाठीवर.

काका आता काचेच्या खोलीत आहेत, नळ्या लावून. ती किडनी काढून टाकली. शुद्ध नाही, आणि येईल का ते कुणी सांगत नाही. हवालदार येऊन गेला. काका उठले तर ते काय सांगतात ते बघू, नाही उठले तर मग वेगळंच प्रकरण, असं तो म्हणाला. तोवर मी गावाबाहेर पाय टाकायचा नाही.

दुकानाचा पत्ता पाकिटावर आहे.

छोट्या

ता. क. तुझ्या लग्नाला न येण्याचं कारण तुला वाटतं ते नाही. ते एकदा सविस्तर लिहीन.


२१ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. टपाल इथे दुपारी येतं, तेव्हा मी शटरपाशी काहीतरी काम काढून बसतो. पोस्टमन आता लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

काका तसेच आहेत. दंतवैद्याचं बाक मी पुरं करतोय, कारण त्याचे पेशंट उभे आहेत. खिळे तोंडात धरून बघितले. लोखंडाची चव दिवसभर जात नाही, जेवणही लोखंडाचं लागतं. मी दोन गिळले असते, म्हणून आता वाटीत ठेवतो.

हवालदार रोज येऊन मी आहे का बघतो आणि अर्ध्या झालेल्या बाकावर बसून घेतो. पायाळू म्हणजे काय हे त्याला सांगायला लागलो, तर त्याला सगळं माहीत होतं. त्याच्या सासुरवाडीला एक बाई होती म्हणे, तिच्या पायासाठी लोक बैलगाडीतून यायचे. मी म्हटलं, मग झालं तर. तो म्हणाला, "मला कळतंय रे. पण तू लाथ म्हणालास. लाथ म्हणजे लाथच लिहावी लागते. प्रेमाने मारलेली लाथ असा प्रकार आमच्याकडे नाही."

काकांचं ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या डॉक्टरबाई जिन्यात उभ्या राहून बिस्किटं खातात, तिथे त्यांना गाठलं. वाटलं होतं हाकलतील. पण त्यांनी नीट सांगितलं. लघवीत जंतू झाले होते. वेळेवर औषध नाही, वर काकांना साखरेचा आजार, तोही त्यांनी मनावर घेतलेला नव्हता. जंतू खालून वर चढत किडनीत गेले, तिथे पू झाला, मांस सडलं, आणि शेवटी ती आतून फाटली. असं फार क्वचित होतं, त्यांनी एवढ्या वर्षांत दुसऱ्यांदा पाहिलं. पण होतं. पाठीवर वळ नाही, बरगडीला तडा नाही.

मी विचारलं, "माझा पाय लागला नसता तरी फुटली असती?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"बहुतेक म्हणजे बहुतेक. पिकलेलं फळ कशाने फुटलं हे मी कसं सांगू? खोकल्यानेही फुटलं असतं." मग पुडा माझ्यापुढे धरला. मी एक बिस्किट घेतलं. चांगलं होतं.

हवालदाराला हे सांगितलं. तो म्हणाला, बाईंचं ऐकलं, पण बहुतेकवर कागद मिटत नाही. काकू जे बोलल्या ते त्यांनी मागे घ्यावं, नाहीतर काकांनी उठून सांगावं.

आता काकूंचं. त्या काचेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसतात. त्या बाकाचं रेक्झिन फाटलंय आणि आतला फोम येणारे-जाणारे बोटाने कोरतात. काकूही कोरतात. मी चहा नेऊन शेजारी ठेवतो. चहा पितात, माझ्याकडे बघत नाहीत. बाईंनी सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगितलं, जंतू, पू, साखर. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आणि मग आदल्या दिवशी का नाही फुटली?" म्हणाल्या. "तीस वर्षं पाठ दुखली, फुटली नाही. तुझा पाय लागला आणि दुसऱ्या दिवशी फुटली. कसला पायगुण घेऊन आलास रे माझ्या घरात."

मी कप घेऊन परत आलो.

खरं सांगतो, परवा मी एसटी स्टँडवर गेलो होतो. पाय काढायची सवय आहे, तुला माहीत आहे. गाडी कुठे जाते हेही बघितलं नव्हतं. खिडकीची जागा मिळाली, समोरच्या सीटची पाठ बघत बसलो. तिच्या कडेला दोन ओळींची शिवण होती, दुसरी ओळ पहिलीच्या अर्ध्या टाक्यावर. असं फक्त काका शिवतात, बाकीचे एकच ओळ मारून मोकळे होतात. हात लावून बघितला. मग कंडक्टर यायच्या आत उतरलो. उतरताना माझी जागा घ्यायला दोघं भांडत होते, त्यांतला जो जाडा होता तो हरला.

मी काय विचार केला ते सांगतो, चुकलं तर सांग. पायात गुण असेल तर दोषही असणार. ज्याने उसण उतरते त्याने किडनीही फुटू शकते. आणि गुण नसेल तर तो नुसता पाय, त्याने काहीच होत नाही, ना बरं ना वाईट. म्हणून मला कळायला हवं. मोठ्या डॉक्टरबाईंना यातलं काही सांगता येणार नाही. तुलाच येईल.

छोट्या


४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन लांबूनच पाकीट उंच धरून आला आणि मी उघडेपर्यंत उभा राहिला. पहिली ओळ मी मोठ्याने वाचली, कारण वाटलं नव्हतं तिथेच असेल.

"तू डोक्याने आलास. पायाळू मी आहे."

पोस्टमन म्हणाला, चला, कळलं एकदाचं, आणि सायकल घेऊन गेला. पुढचं मी आत जाऊन वाचलं.

मला आठवतं तेव्हापासून लोक माझ्याकडेच यायचे. त्याआधी तुझ्याकडे यायचे, हे मला कुणीच कधी सांगितलं नाही. तू लिहिलंयस त्या घड्याळवाल्याचा चेहराही मला आठवत नाही. त्याने तुझा घोटा धरून ठेवला, सोडेना, आणि वर हसत राहिला, आणि आप्पांनी ते दारातून पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सांगायला सुरुवात केली की आमच्या सांगण्यात चूक झाली, पायाळू मुलगी नाही, मुलगा. आणि लोकांनी मानलं. आप्पा खोटं बोलत नसत, निदान मला तसं वाटायचं. एकदाच बोलले आणि तेही गावभर. तेव्हा मी चार वर्षांचा असेन. माझा पाय मास्तरांच्या पाठीपर्यंत पोचायचाही नाही, आप्पा मला काखेत धरून वर उचलायचे, हे मात्र आठवतं. मला वाटायचं खेळ आहे.

तू लिहिलंयस की तुला सुटल्यासारखंही वाटलं आणि काढून घेतल्यासारखंही, आणि यातलं नक्की कुठलं ते अजून ठरलेलं नाही. त्यावर मी काय लिहू? मी तुझ्या बुटांच्या दुकानाचा विचार करत बसलो. तू दिवसभर लोकांचे पाय हातात घेऊन बूट चढवतेस. गिऱ्हाइकांना काय माहीत.

तुझी शेवटची ओळ मात्र आवडली नाही, आणि बरोबर आहे. "तुझ्या पायाने काही झालं नाही. पण तुझ्या पायामुळे ते एक दिवस उशिरा दवाखान्यात गेले." ने आणि मुळे यात एवढा फरक असतो हे शाळेत कुणी शिकवलं असतं तर मी शाळा सोडली नसती. तरी सोडलीच असती म्हणा.

मी ती ओळ घेऊन परत जिन्यात गेलो. बाईंना विचारलं, ताप आला त्याच दिवशी आणलं असतं तर किडनी वाचली असती का. वाटलं होतं पुन्हा बहुतेक म्हणतील. त्या म्हणाल्या, "हो." बिस्किटाचा पुडा नव्हता त्या दिवशी.

आता बातमी. काका उठले.

घशातली नळी काढली तेव्हा आवाज फाटलेल्या कापडासारखा येत होता. पहिलं काय बोलले? विचारलं, दंतवैद्याचं बाक कुणी केलं. मी म्हटलं, मी. त्यांनी दोन्ही भुवया वर केल्या. काकू तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. पहिल्यांदाच त्यांना रडताना बघितलं, तेही भुवयांवरून.

हवालदार संध्याकाळी आला. टोपी काढून स्टुलावर बसला, हळू आवाजात विचारलं, या पोराने तुम्हाला लाथ मारली का.

काका म्हणाले, "मारली."

हवालदार माझ्याकडे बघायला लागला. काकूही. काकांनी पाणी मागितलं, दोन घोट घेतले, गिळताना दुखत होतं. सगळे थांबलो.

"मी मागितली म्हणून मारली," काका म्हणाले. "अंगठा लावला हो. माशी बसली तर त्याहून जास्त भार पडतो. याच्याने डास मरत नाही. आणि दुखणं माझं आधीचं. लघवीला आग होत होती, पंधरा दिवस. हिला सांगितलं नाही."

काकू म्हणाल्या, "मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? उसण सांगता येते. हे कसं सांगायचं?"

हवालदाराने लिहायला घेतलं आणि मग मला विचारलं, अंगठ्याने स्पर्श, असं लिहू का. मी म्हटलं, लिहा. लाथ शब्द कागदावरून गेला. जाताना तो दारात म्हणाला, आता तू मोकळा, कुठे जायचं ते जा. मी हो म्हटलं. कुठे, ते त्याने विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

काकूंनी माझ्याशी बोलणं अजून सुरू केलेलं नाही. त्या दिवशीचा चहा मात्र त्यांनी आणला. तीन कप होते. एक माझ्या बाजूला सरकवला, बघितलं नाही.

छोट्या


२६ एप्रिल

ताई,

हे घाईत लिहितोय. पिशवी भरून झालीय. गाडी चारची आहे आणि ती तुझ्या गावावरून जाते. थांबते असं मी म्हणत नाही, जाते एवढंच. त्यातून उतरायचं की नाही ते गाडीत ठरवीन, म्हणून हे आधी पोस्टात टाकतो. म्हणजे मी आलो नाही तर निदान पत्र येईल. लग्नाचं कारणही त्यात लिहिणार होतो, पण जागा पुरायची नाही.

काका घरी आलेत. एकच किडनी आहे, ती बरी चालली आहे. काकूंनी त्यांना पाण्याची मोठी बाटली दिलीय, ती संपली की दुसरी भरून आणतात आणि समोर उभ्या राहतात. काका म्हणतात, मला नळाला लावून ठेवलंय. पेट्रोल पंपावर जायला नको म्हणून मी दुकानाच्या मागे पत्र्याची मोरी उभी केली. दार जरा वाकडं आहे, लागतं.

खिळे तोंडात धरायला त्यांना मनाई आहे, जंतू जातात म्हणून. पण रिकाम्या तोंडातही त्यांची जीभ फिरत असते, एकेक खिळा पुढे आणल्यासारखी. मी बाक ठोकताना ते खुर्चीत बसून बघतात आणि जीभ फिरवतात. जेवणापर्यंत तरीही बोलत नाहीत.

परवा काकू बाजारात गेल्या होत्या तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं. म्हटलं, काका, मी पायाळू नाही. ताईचं पत्र आलंय. पायाळू ती, मी डोक्याने आलोय. आणि मी पाय लावला नसता तर तुम्ही त्याच दिवशी दवाखान्यात गेला असतात, तुमची किडनी वाचली असती, डॉक्टरबाई म्हणाल्या.

काकांची जीभ तोंडात फिरायची थांबली. मला वाटलं आता उठून दोन देतील, आणि मी ते घेतले असते.

"मग उतरली कशी?" म्हणाले.

"काय?"

"त्या दिवशी. तू अंगठा लावलास आणि उतरली. रात्री झोप लागली मला. तू पायाळू नाहीस तर ती उतरली कशी?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, मलाही नाही. मग म्हणाले, दवाखान्यात मी तेव्हाही गेलो नसतो रे भिंगरी, तू पाय लावला असतास की नसतास. पण हे ते माझ्यासाठी म्हणाले की खरं म्हणाले, ते कळायला मार्ग नाही. आणि म्हणाले, हिला सांगू नकोस, तिचा एकदा विश्वास बसलाय की तुझ्या पायात काहीतरी आहे. वाईट तर वाईट, पण आहे. तो मोडला तर ती कुणाला बोलणार?

काकू अजून माझ्याशी थेट बोलत नाहीत. निरोप काकांतर्फे येतात. त्याला म्हणावं भाजी घे. त्याला म्हणावं शटर नीट ओढत जा. मी शेजारीच बसलेला असतो. मी जाणार हे काकांनी त्यांना काल सांगितलं, तर म्हणाल्या, त्याला म्हणावं पाय आहेत त्याचे, जाऊ दे. बरोबर दोन दिवस पुरेल एवढा डबा दिलाय, तोही काकांच्या हातून.

एक गोष्ट विचारायची राहिली. तुझ्या पायाने लोकांची खरंच उतरायची का? तू ते लिहिलंच नाहीस. घड्याळवाल्याचं लिहिलंस, आप्पांचं लिहिलंस, माझं लिहिलंस, पण

थांब. शटरपाशी कुणीतरी आहे.

काकू आहेत. काकांना नेलं त्या दिवसापासून त्या दुकानात आलेल्या नाहीत. एक हात शटरच्या पट्टीवर, एक कमरेवर, अर्ध्यात वाकलेल्या. घरी काकांना खुर्चीतून उठवताना उसण भरली म्हणतात. मी बसायला स्टूल सरकवलं, तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघत काय राहिलास? पाय धू."

मी आधी विचारलं, ताप आहे का. नाही. थंडी वाजते का. नाही. लघवीला जळजळतं का.

"जळजळ होते ती तुझं तोंड बघितलं की. दुसरी नाही."

मी म्हटलं, आधी दवाखाना, मग पाय. त्या म्हणाल्या, आधी पाय, मग दवाखाना. दोघंही हट्टाला पेटून बसलोय. म्हणजे मी बसलोय, त्यांना बसता येत नाही. पलीकडच्या रिक्षावाल्याला हाक मारलीय, तो चहा संपवून येतो म्हणाला. तोवर हे लिहितोय. चार वाजून गेले असतील.

पाय मात्र धुऊन ठेवलाय. पुसायला पिशवीतून टॉवेल परत काढावा लागला.